तलवार खाली ठेवून चिमटा हाती घेतलेला माणूस : नामिकावा यासुयुकी

नामिकावा यासुयुकी हे नाव आपल्या वस्तीत, वाचनालयात किंवा अभ्यासवर्गात सहसा निघत नाही. जपानच्या जुन्या कलावस्तू जमवणाऱ्यांच्या जगात मात्र ते फार आदराने घेतले जाते. लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंतच्या लिलावांत त्यांच्या हातभर उंचीच्या, कधी वीतभरच असलेल्या फुलदाण्यांसाठी लोक मोठमोठ्या किमती मोजतात. काळ्याभोर, आरशासारख्या चकाकणाऱ्या पृष्ठभागावर केसाएवढ्या बारीक चांदीच्या तारांनी रेखलेली विस्टेरियाची फुले आणि फुलपाखरे पाहिली की हे माणसाच्या हातचे काम आहे यावर चटकन विश्वास बसत नाही.

आपण बौद्ध तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी श्रीमंतांच्या काचेच्या कपाटातल्या फुलदाणीची कथा का वाचावी, असा प्रश्न कुणालाही पडेल. माझे उत्तर असे की ही कथा फुलदाणीपेक्षा मोठी आहे. जन्माने ठरलेले काम आणि निवडलेले काम यांत किती फरक असतो, हाताने काम करणाऱ्याला प्रतिष्ठा कधी मिळते आणि कधी मिळत नाही, वस्तूवर नाव कुणाचे लागते, हे सगळे प्रश्न या एका आयुष्यात आहेत. आणि हे प्रश्न आपले आहेत.

देवडीवरचा मुलगा

यासुयुकी यांचा जन्म १८४५ सालचा, क्योटोचा. घराणे ताकाओका. हे कुटुंब सामुराई वर्गातले होते, पण मोठे सरदार वगैरे नव्हते. जपानमध्ये तेव्हा तोकुगावा शोगुनांची राजवट होती आणि समाज जन्माने वाटून दिलेला होता. वर सामुराई, त्याखाली शेतकरी, मग कारागीर, मग व्यापारी. या चौकटीच्याही बाहेर, सगळ्यात खाली, ज्यांना माणूस म्हणूनच मोजायचे नाही असे दोन समूह ठेवलेले होते, एता आणि हिनिन. मेलेली जनावरे उचलणे, कातडे कमावणे, फाशीच्या शिक्षेची कामे करणे हे त्यांच्या वाट्याला आलेले. त्यांची वस्ती वेगळी, लग्नसंबंध बंद, स्पर्श अशुद्ध. वेगळे काही सांगायला नको, आपल्याला हे चित्र पाठ आहे.

यासुयुकी दहा-अकरा वर्षांचे असताना, १८५५ मध्ये, त्यांना नामिकावा घराण्यात दत्तक दिले गेले. जपानमध्ये घराण्याचे नाव आणि नोकरी पुढे चालावी म्हणून मुलगा दत्तक घेण्याची पद्धत सर्रास होती. नामिकावा घराणे एका राजपुत्राच्या सेवेत होते. हा राजपुत्र तेव्हा क्योटोच्या शोरेन-इन या तेंदाई पंथाच्या बौद्ध विहाराचा प्रमुख भिक्खू होता. राजघराण्यातली मुले मोठ्या विहारांचे प्रमुख होणे ही त्या काळची रीत. पुढे तो चीवर सोडून राजकारणात उतरला आणि इतिहासात राजपुत्र कुनी आसाहिको म्हणून ओळखला गेला. म्हणजे यासुयुकी यांचे बालपण आणि तारुण्य धन्याच्या देवडीवर गेले. हाती कोणतीही कला नव्हती. शिकले ते शिष्टाचार, लिहिणे-वाचणे आणि सेवा.

एका वर्षात सगळे कोसळले

१८६८ मध्ये शोगुनांची सत्ता गेली आणि मेइजी सम्राटाच्या नावाने नवे सरकार आले. यासुयुकी तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांच्या धन्यावर नव्या सरकारविरुद्ध कट केल्याचा आरोप आला आणि त्याला हिरोशिमाला नेऊन नजरकैदेत ठेवले गेले. ज्याच्या पदरी घराण्याची भाकरी होती तोच उखडला गेला.

त्याच वर्षी नव्या सरकारने शिंतो आणि बौद्ध धम्म वेगळे करण्याचे हुकूम काढले. त्यातून अनेक प्रांतांत बौद्ध विहारांवर हल्ले झाले. मूर्ती फोडल्या, ग्रंथ जाळले, घंटा वितळवल्या, विहारांच्या जमिनी गेल्या. बौद्ध धम्म हा परका आहे, असे सांगून राष्ट्रवादाच्या नावाखाली हे घडले. जपान म्हणजे बौद्ध देश, अशी आपली एक ढोबळ समजूत असते. त्या देशातही धम्मावर असा काळ आला होता, हे आपल्या तरुणांना माहीत असायला हवे.

१८६९ पर्यंत सम्राट आणि दरबार टोकियोला गेला. हजार वर्षांहून अधिक काळ राजधानी असलेल्या क्योटोत दरबाराच्या जिवावर जगणारे विणकर, कुंभार, लाखकाम करणारे, पंखे बनवणारे सगळे हवालदिल झाले. शहर ओस पडेल अशी भीती होती. तेव्हा शहरातल्या जाणत्यांनी उद्योगाचा रस्ता धरला. १८७१ मध्ये क्योटोतले पहिले प्रदर्शन भरले ते निशी होंगान-जी या बौद्ध विहारात. रसायनशास्त्राची प्रयोगशाळाही सुरू झाली.

आणि १८७१ हेच ते साल, जेव्हा एता-हिनिन ही नावे कायद्याने रद्द झाली. सामुराईंनाही शेती, व्यापार, कारागिरी करायला परवानगी मिळाली. पाच वर्षांनी, १८७६ मध्ये, त्यांची तलवार बाळगण्याची मुभा काढून घेतली गेली आणि पिढीजात तनखे बंद करून त्याऐवजी रोखे दिले गेले. शतकानुशतके ज्यांना बसून खायची सवय होती, त्यांना आता हात चालवणे भाग होते. अनेकांनी धंद्यात हात घालून पैसे बुडवले. काहींनी बंड केले. काही पोलीस आणि शिक्षक झाले. नामिकावा यांनी १८७३ च्या सुमारास वेगळाच रस्ता पकडला. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ते मीनाकाम शिकायला बसले.

सप्तरत्नांचे नाव

जपानी भाषेत या कामाला शिप्पो म्हणतात. शिप्पो म्हणजे सात रत्ने. हे नाव थेट बौद्ध सूत्रांतून आलेले आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्रात आणि सुखावतीचे वर्णन करणाऱ्या सूत्रांत सोने, रूपे, वैडूर्य, स्फटिक अशा सात रत्नांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. ग्रंथागणिक यादी थोडी बदलते. रंगीत काचेचा मीना त्या रत्नांसारखा झळकतो म्हणून कारागिरांनी आपल्या कामाला हे नाव दिले. पाली वाङ्मयात तथागतांनी सात आर्यधनेही सांगितली आहेत : श्रद्धा, शील, पापाची लाज, पापाचे भय, श्रुत, त्याग आणि प्रज्ञा. चोर नेऊ शकत नाही आणि आग जाळू शकत नाही असे ते धन. वस्तूचे वैभव आणि माणसाचे वैभव यांतला फरक आपल्या परंपरेने आधीच करून ठेवला आहे.

काम कसे चालते ते थोडे समजून घेऊ, कारण त्याशिवाय या माणसाची जिद्द कळणार नाही. आधी तांब्याचा पत्रा ठोकून भांडे घडवायचे. त्यावर शाईने चित्र उतरवायचे. मग चांदीची किंवा सोन्याची चपटी, अतिशय पातळ तार चिमट्याने वाकवून चित्राच्या प्रत्येक रेषेवर उभी चिकटवायची. त्यासाठी एका ऑर्किडच्या कंदापासून केलेला डिंक वापरतात. पाकळीची एक कड, पंखाची एक शीर म्हणजे एक तार. एका लहान भांड्यावरही अशा शेकडो तारा असतात. मग तारांनी झालेल्या लहान लहान घरांत रंगीत काचेची ओली पूड भरायची आणि भांडे भट्टीत घालायचे. काच वितळते आणि खाली बसते. पुन्हा भरायची, पुन्हा भट्टी. असे अनेक वेळा. भट्टीत थोडी जरी चूक झाली तर रंग फुटतो, बुडबुडे येतात, महिन्यांचे काम वाया जाते. शेवटी वेगवेगळ्या दगडांनी आणि कोळशाने घासत घासत पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. हे घासणेच कित्येक आठवडे चालते.

जपानमध्ये हे काम जुने होते, पण ते तलवारीच्या मुठी, दाराच्या कड्या, खिळ्यांच्या टोप्या अशा बारीक वस्तूंपुरतेच राहिले होते आणि घराण्यांच्या गुपितांत अडकले होते. मोठी भांडी करण्याची वाट पुन्हा उघडली ती ओवारी प्रांतातल्या काजी त्सुनेकिची यांनी, १८३० च्या दशकात. त्यांनी परदेशातून आलेली एक मीनाकामाची थाळी मिळवली आणि ती फोडून तिच्या आत काय आहे ते पाहिले. हे काजीसुद्धा गरीब सामुराई घरातले, तुटपुंज्या तनख्यावर जगणारे. ज्ञान वरून मिळत नसेल तर वस्तू उघडून, तोडून, तपासून मिळवायचे, ही वृत्ती नामिकावांच्या आधीच्या पिढीत तयार झाली होती.

निकृष्ट मालापासून काळ्या आरशापर्यंत

नामिकावा यांची सुरुवातीची भांडी पाहिली तर ती पुढच्या कामासारखी मुळीच दिसत नाहीत. रंग मातकट आणि अपारदर्शक, सगळीकडे नक्षीची दाटी. ही दाटी केवळ हौसेची नव्हती. मोकळी जागा ठेवली तर काच तडकायची, म्हणून तिला धरून ठेवायला जागोजागी तारांच्या वेलबुट्ट्या भराव्या लागत. १८७५ च्या क्योटो प्रदर्शनात आणि १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाला बक्षिसे मिळाली. पण योकोहामातल्या एका परदेशी व्यापारी कंपनीशी केलेला कित्येक वर्षांचा करार मुदतीआधीच तुटला. नुकताच उभा राहिलेला धंदा आणि मोठे गिऱ्हाईक गेलेले. इतर कुणी असता तर स्वस्त माल भराभर काढून पोट भरले असते. तसे करणारे तेव्हा पुष्कळ होते, कारण युरोप-अमेरिकेत जपानी वस्तूंचे वेड पसरले होते आणि काहीही खपत होते.

नामिकावा यांनी उलटे केले. त्यांनी काम कमी आणि प्रयोग जास्त केले. १८७८ मध्ये गॉटफ्रीड वागेनेर हे जर्मन रसायनतज्ज्ञ क्योटोच्या प्रयोगशाळेत आले. त्याआधी त्यांनी आरिताच्या चिनीमातीच्या भट्ट्यांवर आणि टोकियोत मीन्याच्या रंगांवर काम केलेले होते. त्यांच्या संपर्कातून क्योटोत नवे, पारदर्शक आणि चकाकणारे रंग हाती आले. वागेनेर १८८१ पर्यंत क्योटोत होते. परंपरा आणि विज्ञान यांचे भांडण लावून देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आज ज्याला शुद्ध जपानी परंपरा म्हणून मिरवले जाते, ते काम एका परदेशी रसायनतज्ज्ञाच्या ज्ञानाशिवाय आणि एका अ-कारागीर माणसाच्या धडपडीशिवाय झालेच नसते.

या प्रयोगांतून नामिकावांचा तो प्रसिद्ध काळा रंग आला. खोल, पारदर्शक, आरशासारखा. आता मोकळी जागा तडकत नव्हती. त्यामुळे वेलबुट्ट्यांची गर्दी गेली आणि भांड्याच्या एका बाजूने एकच फांदी, तिच्यावर एक पक्षी, बाकी सगळा रात्रीसारखा काळा अवकाश, अशी मांडणी शक्य झाली. रंग भरायला जागा असूनही ती रिकामी ठेवण्याचे धैर्य त्यांच्या कामात दिसते. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले.

सांजोमागचे घर

नामिकावा यांची कार्यशाळा क्योटोत सांजो रस्त्याच्या मागे, शिराकावाजवळ होती. १८९४ मध्ये त्यांनी तिथे नवे घर बांधले. बाग शेजारी राहणाऱ्या ओगावा जिहेई यांनी केली. हे ओगावा पुढे जपानचे फार मोठे बागकार झाले. बिवा सरोवराचे पाणी क्योटोत आणणारा कालवा १८९० मध्ये पुरा झाला होता. नामिकावांनी ते पाणी भांडी घासण्याच्या कामासाठी आपल्या आवारात घेतले आणि तेच पुढे बागेच्या तळ्यात सोडले. दिवाणखान्यात येणारे परदेशी पाहुणे उंच असत, म्हणून दाराच्या चौकटी नेहमीपेक्षा उंच ठेवल्या. बागेत कोई मासे, काचेच्या दारांतून येणारा उजेड, आणि पलीकडे माना खाली घालून तारा वाकवणारे कारागीर. हे पाहायला जगभरचे प्रवासी येत.

त्यांतला एक प्रवासी आपल्या मुंबईत जन्मलेला होता. रुडयार्ड किपलिंग. त्याचे वडील मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकवत असत. १८८९ मध्ये किपलिंग अलाहाबादच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रासाठी प्रवासपत्रे लिहीत जपानला गेला आणि त्याने या कार्यशाळेला भेट दिली. पुढे हर्बर्ट पाँटिंग या इंग्रज छायाचित्रकाराने तिचे वर्णन केले आणि छायाचित्रेही घेतली. या नोंदींतून दिसते ती कारखान्यासारखी गर्दी नव्हे, तर मोजक्या माणसांची शांत खोली. माल ढिगाने काढायचा नाही, हे धोरण मालकाने शेवटपर्यंत सोडले नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. भांड्याच्या तळाशी नाव असे ते क्योटोच्या नामिकावांचे. पण प्रत्येक तार त्यांनी वाकवलेली नव्हती. नक्षी काढणारे, तार बसवणारे, मीना भरणारे, भट्टी सांभाळणारे, घासणारे असे वेगवेगळे हात त्यात होते. त्यांपैकी नाकाहारा तेस्सेन यांचे नाव आपल्याला माहीत आहे. १८६३ मध्ये जन्मलेले नाकाहारा हे कार्यशाळेचे प्रमुख चित्ररचनाकार होते आणि त्यांनी काढलेले आराखडे आजही जपून ठेवलेले आहेत. नामिकावांच्या प्रसिद्ध भांड्यांपैकी कितीतरींचा पहिला विचार या माणसाच्या कुंचल्यातून आला. घासणाऱ्यांची नावे मात्र कपाटातल्या चिठ्ठीवर कधीच येत नाहीत. समाजशास्त्र शिकताना श्रमाच्या अदृश्यतेबद्दल खूप वाचले. ते वाचून जे नीट कळत नाही, ते एका चकाकत्या फुलदाणीकडे पाहून लगेच कळते. चकाकी ही घासणाऱ्याची असते.

दोन नामिकावा, एक सन्मान

त्याच काळात टोकियोत दुसरे एक नामिकावा होते, नामिकावा सोसुके. आडनावाचा उच्चार एकच, पण लिहायची चित्रलिपी वेगळी आणि नातेही काही नाही. सोसुके यांनी तारा शेवटी काढून टाकण्याची किंवा झाकण्याची रीत वापरून जणू रंगचित्रच वाटावे असे मीनाकाम केले. क्योटोच्या नामिकावांनी मात्र तार सोडली नाही. तार लपवायची नाही, तिलाच बोलू द्यायचे, हा त्यांचा मार्ग. ती कुठे जाड, कुठे बारीक होत कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखी दिसेल इथपर्यंत त्यांनी ती नेली.

१८९६ मध्ये दोघांनाही राजघराण्याचे कलावंत म्हणून नेमण्यात आले. जपानमधला तो कलावंताचा सर्वांत मोठा सरकारी सन्मान होता. मीनाकामात हा मान या दोघांखेरीज कुणालाही मिळाला नाही. त्याच वर्षी योकोहामाचे प्रसिद्ध कुंभार मियागावा कोझान यांनाही तो मिळाला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी राजघराण्याने नामिकावांकडून एक फुलदाणी करून घेतली. काळ्या पृष्ठभागावर जंगली चेरीचा बहर, हिरवे मेपल आणि पक्षी. १८९९ मध्ये पूर्ण झालेली ही फुलदाणी आज राजघराण्याच्या संग्रहात आहे आणि त्यांचे सर्वश्रेष्ठ काम म्हणून ओळखली जाते.

शेजारच्या सभागृहातली दुसरी गोष्ट

पहिल्या महायुद्धानंतर जग बदलले. उंची मीनाकामाची परदेशी मागणी ओसरली, आवडीनिवडी बदलल्या, मेहनत तीच राहिली. १९२३ मध्ये कार्यशाळा बंद झाली. १९२७ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, नामिकावा यांचे निधन झाले.

कार्यशाळा बंद होण्याच्या आदल्या वर्षी, ३ मार्च १९२२ रोजी, त्यांच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या ओकाझाकी सार्वजनिक सभागृहात एक सभा भरली. ती पूर्वीच्या एता-हिनिन म्हणवल्या गेलेल्या बुराकू लोकांची होती. तिथे सुइहेइशा या संघटनेची स्थापना झाली. तिचा जाहीरनामा मुख्यतः साइको मानकिची या तरुणाने लिहिला. तो स्वतः एका बुराकू वस्तीतल्या बौद्ध विहारात वाढलेला होता. आपली मुक्ती दुसऱ्याच्या दयेने होणार नाही, ती आपणच मिळवायची, हा त्या सभेचा गाभा होता. पाच वर्षांनी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जे घडले, त्याच्याशी याचे नाते आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. १८७१ च्या एकाच वर्षाने सामुराईलाही मोकळे केले आणि बुराकू माणसालाही. सामुराईने हाताचे काम धरले तेव्हा तो कलावंत झाला, त्याच्या दारी जगभरचे पाहुणे आले, राजाने सन्मान दिला. बुराकू माणसाच्या हातात पिढ्यान् पिढ्या कौशल्य होतेच. चामड्याचे काम ही काही साधी विद्या नाही. पण कायदा झाल्यावर त्या धंद्यावरचा त्याचा एकाधिकार गेला, भांडवलवाल्यांनी फायद्याचा भाग उचलला, आणि त्याच्याकडे कलंक तेवढा उरला. काही भागांत तर मुक्तीच्या हुकुमाविरुद्ध दंगे झाले आणि बुराकू वस्त्या जाळल्या गेल्या. बौद्ध विहारांनीही सगळीकडे त्यांची बाजू घेतली नाही. मेलेल्या बुराकू माणसांना हीन अर्थाची धम्मनावे देण्याचे प्रकार झाले. म्हणूनच सुइहेइशाने होंगान-जी पंथांच्या मोठ्या विहारांनाही जाब विचारला. धम्माचे नाव घेणारी संस्था आपोआप समतेची होत नाही, तिला जाब विचारावा लागतो.

आपल्यासाठी काय

यातून नामिकावा लहान ठरतात असे मला वाटत नाही. त्यांनी जन्माचा तोरा बाजूला ठेवला, अठ्ठाविसाव्या वर्षी नवशिक्या म्हणून बसले, करार तुटल्यावरही स्वस्त मालाच्या मागे गेले नाहीत आणि विज्ञानाला दार उघडे ठेवले. आपल्याकडे हातात झाडू, आरी किंवा चाक धरले तर घराणे बाटते असे मानणाऱ्यांनी त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सम्यक आजीविका म्हणजे काय, याचे एक उदाहरण त्यांच्या कामात सापडते.

पण त्यांच्या कथेचा सोपा धडा काढून तो आपल्या मुलांच्या गळ्यात घालू नये. वस्त्यांमध्ये काम करताना मी एक भाषा वारंवार ऐकते. तुमच्या बापजाद्यांची कला जपा, तीच तुमची ओळख, असे सांगत कुणीतरी येते. बोलणारे बहुधा चांगल्या हेतूने बोलतात. ज्या पोराला बारावीनंतर संगणक शिकायचा आहे, त्याला मात्र वाटते की आपल्याला पुन्हा त्याच खुंटीला बांधत आहेत. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडायला सांगितले, तेव्हा ते कौशल्याचा अपमान करत नव्हते. जातीने लादलेले काम हे कामाची वाटणी नसून माणसांचीच वाटणी असते, हे त्यांनी आपल्याला दाखवून दिले होते. नामिकावांना मीनाकाम धरायचे की नाही हे ठरवता आले. बुराकू चर्मकाराला ते ठरवता आले नाही. कलेची किंमत ठरवताना हा फरक पहिला लिहिला पाहिजे.

म्हणून पारंपरिक कारागिरीचा प्रश्न आपल्यासमोर येईल तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात. हे काम करणाऱ्याने ते निवडले आहे का, आणि नको असेल तर सोडायची त्याला खरी मोकळीक आहे का? वस्तूवर नाव कुणाचे लागते? आणि ती विकली गेल्यावर घासणाऱ्याच्या घरात किती पैसे पोहोचतात? आपल्या समाजातल्या ज्या तरुण-तरुणींनी चामडे, बांबू, वाद्ये, चित्रकला स्वतःहून निवडली आहे, त्यांच्यामागे या तीन उत्तरांसह उभे राहायला हवे. ज्यांनी ती सोडली, त्यांच्यामागेही तितकेच.

नामिकावांचे घर, कार्यशाळा, भट्टीची खोली आणि बाग आज एक लहानसे संग्रहालय आहे. ते २००३ मध्ये लोकांसाठी उघडले. त्यांचे बरेचसे काम त्यांच्या हयातीतच परदेशी गेले होते. त्यातले काही आता जपानी संग्राहक आणि संग्रहालये परत विकत घेऊन आणत आहेत. आपल्याला क्योटोला जाणे सहसा जमणार नाही. पण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाने दिलेल्या संग्रहात चिनी आणि जपानी कलावस्तू आहेत. एखाद्या रविवारी अभ्यासवर्गाच्या मुलांना घेऊन जा. त्यांना वस्तूचे सौंदर्य मनसोक्त पाहू द्या, कारण सौंदर्यावर आपलाही हक्क आहे. आणि मग त्यांना खालची चिठ्ठी वाचून त्यात कुणाचे नाव नाही ते शोधायला सांगा.